तेलकट चेहरा, नवं फाउंडेशन आणि सहा जणांचे सल्ले

पत्र थोडक्यात: लिहिणारी २६ वर्षांची, डोंबिवलीची, ठाण्यात दागिन्यांच्या शोरूममध्ये काउंटरला असते. युनिफॉर्मची साडी आणि मेकअप दोन्ही कंपल्सरी. चेहरा शाळेपासून तेलकट. दिवाळीची गर्दी येणार म्हणून तिने मॅट, लाँग-वेअर लिहिलेलं नऊशेचं फाउंडेशन घेतलं, दुकानातल्या मुलीने मनगटावर लावून शेड काढून दिली. सकाळी छान दिसतं, दुपारी एकपर्यंत नाकाच्या बाजूला फुटतं आणि गाल नारिंगी दिसायला लागतात. आई म्हणते केमिकल बंद कर, बेसन-लिंबू लाव. वहिनीने बंगळूरहून चार सीरम पाठवलीत. काउंटरवरची मैत्रीण म्हणते तेलकट स्किनला मॉइश्चरायझर लावायचंच नसतं. पार्लरवाल्या ताईने डबीत भरून पांढरी नाइट क्रीम दिली, ती महिनाभर लावली, आधी चेहरा एकदम क्लिअर झाला, आता उन्हात गेलं की जळजळतो. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिलीय. व्हिडिओवाले अजून वेगळंच सांगतात. कपाळावर बारीक पुळ्या आल्यात, खाज येते. डिसेंबरात मावसबहिणीचं लग्न आहे. तिचा प्रश्न: "ताई, दिवसभर टिकेल असं एकच फाउंडेशन सांगा, आणि नक्की कोणाचं ऐकू? माझी स्किनच मुळात खराब आहे."

अगं, फाउंडेशनचं नंतर बोलू, आधी त्या पांढऱ्या क्रीमचं. ती आजपासून बंद. तुझ्या पत्रात मला सगळ्यात काळजीची वाटली ती हीच गोष्ट, आणि तू ती एका ओळीत उरकलीयस. डबीवर कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, आत काय घातलंय ते नाही, नुसता गुलाबाचा स्टिकर, आणि आठ-दहा दिवसांत चेहरा नितळ, पिंपल्स गायब, सगळ्या विचारायला लागल्या काय लावतेस म्हणून, आणि मग महिन्याभरात उन्हात पाऊल टाकलं की चेहरा पेटतो. हे ऐकून कुठल्याही स्किनच्या डॉक्टरच्या मनात पहिली शंका स्टेरॉइडचीच येईल. स्टेरॉइड सूज आणि लाली दाबून टाकतं म्हणून सुरुवातीला सगळं छान वाटतं, पण चेहऱ्यावर रोज लावत राहिलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पिंपल्स परत येतात आणि जोरात येतात, कधीकधी लवही वाढते, आणि बंद करायला गेलं की चेहरा इतका भडकतो की बाई घाबरून परत तीच डबी उघडते. आपल्याकडे हे इतकं वाढलंय की डॉक्टरांनी या त्रासाला वेगळं नावच दिलंय, टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस.

दुसरी शंका पाऱ्याची. गोरं करणाऱ्या बेनामी क्रीममध्ये पारा सापडलाय, आणि तो कातडीतून आत जाऊन किडनीला धरतो. २०२३ मध्ये केरळात मलप्पुरमच्या बाजूला अशा क्रीम लावणाऱ्यांना किडनीचा आजार झाल्याचं पुढे आलं होतं, आणि आपल्या अकोल्यातल्या एका घरातल्या बायकांचीही तशीच बातमी आली होती, त्यांची क्रीमही पार्लरमधूनच आलेली. तुला घाबरवायला सांगत नाहीये, तुझ्या डबीत पारा असेलच असंही नाही. पण आत काय आहे हे तुला माहीत नाही, आणि ज्या ताईने दिली तिलाही बहुतेक माहीत नसेल, तीही कुठल्यातरी होलसेलवाल्याकडून किलोवर आणत असेल.

तर असं कर. क्रीम बंद, पण डबी फेकू नकोस, पिशवीत घालून याच आठवड्यात स्किनच्या डॉक्टरकडे घेऊन जा आणि किती दिवस लावली ते खरं सांग. बंद केल्यावर काही आठवडे चेहरा लाल होऊ शकतो, पुळ्या येऊ शकतात, तेव्हा परत ती क्रीम लावायची नाही, ते दिवस निघावेत म्हणून डॉक्टर औषध देतात. पायावर किंवा डोळ्यांखाली सूज येत असेल, लघवीला फेस येत असेल तर तेही सांग, लघवीची तपासणी करून घ्या. प्रायव्हेटची फी जड वाटत असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल तुझ्या रोजच्या लाइनवरच आहे, सायन आणि केईएमलाही स्किनची ओपीडी आहे, केसपेपर काढून सकाळी लवकर नंबर लाव, अर्धा दिवस जाईल पण काम होईल.

मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूबही बघ जरा. बारीक अक्षरात बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन असं काही लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे आणि पिंपल्सवर ते लावायचंच नसतं. २०१८ मध्ये सरकारने अशा बऱ्याच क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायच्याच नाहीत, तरी काउंटरवरून सर्रास मिळतात. मेडिकलवाला वाईट माणूस आहे असं नाही, रोज पन्नास जण "काहीतरी द्या ना पिंपल्सला" म्हणत येतात, तो देतो. पण त्याने तुझा चेहरा उजेडात बघितलेला नसतो, मधे काउंटर आणि मागे रांग असते.

आता तुझं ते वाक्य, "माझी स्किनच मुळात खराब आहे." हे तुला कोणी सांगितलं? मला वाटतं कोणी एकाने नाही, सगळ्यांनी थोडं थोडं सांगितलंय. पार्लरमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या "किती तेल आहे गं" म्हणतात, नातेवाईक तोंड बघून "काय लावत नाहीस का" विचारतात, आणि प्रत्येक जाहिरातीत तेल म्हणजे शत्रू. तेल म्हणजे घाण नव्हे गं. कातडीत बारीक ग्रंथी असतात, कपाळ, नाक, हनुवटी, पाठ इथे जास्त, त्या हे तेल बनवतात आणि किती बनवायचं ते मुख्यतः हार्मोन आणि आईबापांकडून आलेली कातडी ठरवते. म्हणून ते वयात येताना वाढतं आणि पुढे वय वाढलं की आपोआप कमी होत जातं. तू साबणाने वरचं तेल काढतेस तेव्हा आतल्या ग्रंथीला त्याचा पत्ताही नसतो, तिचं काम चालूच राहतं.

आणि तू लिहिलंयस की दिवसातून पाच-सहा वेळा चेहरा धुतेस, तेही अंगाच्या साबणाने. साध्या साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, ९-१० च्या घरात असतो, कातडीचा ५ च्या आसपास. प्रत्येक वेळी धुतलं की चेहरा ताणल्यासारखा होतो ना, तेच ते. वरून तेल येतच राहतं आणि खालची कातडी कोरडी पडून पापुद्रे धरते, नाकाच्या बाजूला, तोंडाच्या कडेला. फाउंडेशन त्या पापुद्र्यांना धरून बसतं आणि तिथेच फुटतं. म्हणजे तुला वाटतंय फाउंडेशन वाईट निघालं, पण अर्धी गोष्ट त्याच्या खाली चाललीय. सकाळी आणि रात्री असं दोनदाच, सौम्य फेसवॉशने धू. मधे घाम आला तर नुसतं पाणी.

मला अजून एक विचारायचंय. दहा तास चेहऱ्यावर चमक दिसताच कामा नये हे ठरवलं कोणी? मॅनेजरने मेकअप करा सांगितलंय, चेहरा भिंतीसारखा मॅट ठेवा असं सांगितलेलं नाही. शोरूममध्ये हारांवर सोडलेले ते दिवे तुझ्याही डोक्यावर असतात, त्यांच्या खाली कोणाचाही चेहरा चमकतो, कोरड्या स्किनवालीचासुद्धा. समोरचं गिऱ्हाईक ट्रेमधल्या पाटल्यांकडे बघत असतं आणि मजुरी किती कमी होईल ते विचारत असतं. थोडी चमक राहिली तर राहू दे. ती पूर्ण घालवायच्या नादात तू आणखी जाड थर लावतेस आणि जाड थरच आधी फुटतो.

एक साधी गोष्ट उद्या करून बघ. दुपारी चेहरा चमकला की साधा टिश्यू नाकावर दाब, पुसू नकोस, आणि उजेडाकडे धर. कागद आरपार दिसला आणि पाच मिनिटांनीही तसाच राहिला तर ते तेल. नुसता ओला होऊन वाळून गेला तर तो घाम. आपल्याकडच्या दमट हवेत अर्ध्या जणींना वाटतं आपली स्किन तेलकट आहे, आणि त्यात निम्मा घामच असतो, कारण तो वाळतच नाही. दोन्हींचे उपाय वेगळे. तेलाला टिश्यू आणि पावडर चालते, घामावर पावडर मारली की लगदा होतो.

तू लिहितेस की सकाळी सातला घरी मेकअप करून आठची लोकल धरते. लेडीज डब्यात उभं राहून ठाण्यापर्यंत जायचं, वर पदर सांभाळायचा, त्यात फाउंडेशन टिकेल तरी कसं? ते शोरूमला पोचायच्या आतच हललेलं असतं, दुपारी फक्त दिसायला लागतं. घरून निघताना फक्त मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन लाव. शोरूमला पोच, स्टाफरूममध्ये दहा मिनिटं पंख्याखाली बस, चेहरा टिपून घे, गार झाला की मग फाउंडेशन. नवीन काही विकत न घेता बहुतेक एवढ्यानेच तुला फरक दिसेल. त्यासाठी पंधरा मिनिटं आधी पोचावं लागेल हे कळतंय मला, पण घरचे तेवढे तर वाचतीलच.

आता नारिंगीचं. फाउंडेशनचा रंग येतो तो पिवळ्या, लाल, काळ्या आयर्न ऑक्साइडमधून आणि पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडमधून. लावल्यावर त्यातला उडून जाणारा भाग उडतो, मग चेहऱ्याचं तेल त्या रंगात मिसळतं, आणि ओला कपडा जसा गडद दिसतो तसा तो रंगही गडद दिसायला लागतो. तेलकट चेहऱ्यावर हे जास्त होतं. म्हणून बाटलीतला रंग बघून किंवा लावल्या लावल्या आरशात बघून शेड ठरवायची नाही. तुझी शेड तर मनगटावर लावून ठरवली, पांढऱ्या ट्यूबलाइटखाली, आणि तूच लिहिलंयस की ती म्हणाली "एक शेड उजळ घ्या, छान वाटतं". मनगटाचा आणि चेहऱ्याचा रंग बहुतेकींचा वेगळा असतो. जबड्याच्या कडेवर, मानेकडे उतरेल असं एक बोट लाव, दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात ये, मैत्रिणीला फोटो काढायला सांग आणि मग दोन-तीन तास फिर, जेवून ये, आणि परत बघ. मानेत मिसळून दिसेनासा झाला तो तुझा रंग. दुकानवाली घाई करेल, करू दे. खूप ठिकाणी सांगितलं तर छोट्या डबीत सॅम्पल देतात, आपली डबी घेऊन गेलीस तर अजूनच सोपं. टेस्टरची कांडी थेट चेहऱ्याला लावून घेऊ नकोस मात्र, ती आधी कोणाकोणाला लागलीय ते माहीत नसतं.

आणि ती एक शेड उजळ. तू सावळी आहेस असं तूच सांगितलंस, जरा अपराध्यासारखं सांगितलंस. १९७५ पासून आपल्याकडे गोरं करायचं क्रीम घराघरात होतं, २०२० मध्ये त्याच्या नावातलं फेअर काढून ग्लो घातलं, पण दुकानातल्या मुलीच्या तोंडातलं "एक शेड उजळ" काही गेलेलं नाही. सावळ्या चेहऱ्यावर उजळ शेड आधी राखाडी दिसते आणि तेल मिसळलं की नारिंगी. तुला तुझ्याच रंगाची शेड हवी, आणि आपल्यात बऱ्याच जणींचा रंग पिवळसर नाहीतर हिरवट झाकेचा असतो, तो गुलाबी शेडमध्ये बसत नाही. आता बाजारात आपल्या रंगाच्या शेड खूप आल्यात, पूर्वी चार-पाचमध्ये भागवावं लागायचं. तेव्हा स्वतःच्या रंगाची मागायला लाजू नकोस.

लावताना कमी लाव. वाटाण्याएवढं सगळ्या चेहऱ्याला पुरतं. पिंपलचे डाग, हनुवटीची लाली, तोंडाभोवतीचा काळपटपणा, जिथे झाकायचंय तिथूनच सुरुवात कर, नाकावर शेवटी, जे उरेल तेवढंच. ओला करून पिळलेला स्पंज घेऊन थापत जा, घासू नकोस. सनस्क्रीन लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांब, नाहीतर खालचं आणि वरचं एकत्र येऊन वळकट्या निघतात, सनस्क्रीन पाण्यासारखं आणि फाउंडेशन सिलिकॉनचं असलं की हे हमखास होतं. पावडर फक्त कपाळ, नाक, हनुवटीला. दुपारी आधी टिश्यूने टिपायचं, मग गरज वाटली तर पावडर, तेलावर थेट पावडर कधीच नाही. स्पंज आठवड्यातून एकदा तरी साबणाने धुऊन हवेशीर वाळव, ओला पाऊचमध्ये कोंबलेला स्पंज रोज चेहऱ्याला लावतेस आणि मग पुळ्या कशाने आल्या विचारतेस असं व्हायला नको.

फाउंडेशनवर एसपीएफ लिहिलंय म्हणून सनस्क्रीन सोडू नकोस, तेवढा एसपीएफ मिळायला फाउंडेशन जितकं थापावं लागेल तितकं कोणी लावत नाही. जेल टाइपचं, एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटांवर रेघ ओढून येईल इतकं. आपल्या कातडीवर पिंपल बरा झाला तरी त्याचा काळा डाग महिनोन्महिने राहतो, आणि ऊन तो अजून गडद करतं.

आता सल्ल्यांचं. कोणाचं ऐकू असं विचारलंस, तर मला वाटतं सहा जणांपैकी एकाला निवडायची गरज नाही, प्रत्येकाला तीन गोष्टी विचार: तुझी स्वतःची स्किन कशी आहे, तू कुठल्या हवेत राहतेस, आणि हे मी घेतलं तर तुला त्यातून काही मिळतं का.

आईचं घे. तिला मिळत काही नाही, तुझी काळजी आहे फक्त, आणि कमी थापा हे तिचं म्हणणं बरोबरच आहे. बेसन दुधात कालवून हलक्या हाताने, आठवड्यातून एखाद-दोनदा, चालेल, घासायचं नाही. लिंबू मात्र नाही. ते इतकं आंबट असतं की कातडी चिडते, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलीस तर भाजल्यासारखे काळे डाग पडू शकतात. आईला हे सांगताना "तुला काही कळत नाही" असं म्हणू नकोस, सध्या चेहरा जळतोय, डॉक्टर म्हणालेत आंबट काही लावायचं नाही, एवढंच सांग, ती ऐकेल. आणि केमिकलचं म्हणशील तर लिंबातही ॲसिडच आहे.

वहिनीने पाठवलेल्या गोष्टी वाईट नाहीत. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं म्हणून छिद्रांमध्ये उतरतं, २ टक्क्यांपर्यंतचं ब्लॅकहेड्सना उपयोगी पडतं. नायसिनामाइडने तेल आणि डाग दोन्हींना थोडी मदत होते, ५ टक्के भरपूर झाले, दहा-वीस टक्क्यांच्या मागे धावू नकोस. पण तिची स्किन कोरडी, बंगळूरची हवा गार, ऑफिसात दिवसभर एसी. आणि तू आत्ता जळणाऱ्या चेहऱ्यावर यातलं काहीही लावायचं नाहीस, चारही बाटल्या कपाटात ठेव. डॉक्टरने हो म्हटलं की एकच उघडायची, आधी जबड्याखाली किंवा कोपराच्या आतल्या बाजूला एकाच जागी आठवडाभर रोज लावून बघायची, काही झालं नाही तर चेहऱ्यावर, एक दिवसाआड. वहिनीला थँक्यू म्हण आणि सांग की नंतर लावणारे.

काउंटरवरच्या मैत्रिणीचं मॉइश्चरायझरबद्दलचं चुकतंय. तेल आणि पाणी वेगळं. तेलकट कातडीतलंही पाणी उडतं, त्यात एसी. हलकं जेल, वाटाण्याएवढं, एवढंच लागतं, आणि तुझ्यासारख्या चिडलेल्या चेहऱ्याला तर ते हवंच.

व्हिडिओंचं काय सांगू. रिंग लाइट, फिल्टर, आणि फाउंडेशन लावून अर्ध्या तासात शूट केलेलं. त्यात एक वाजलेला दिसत नाही ना. पैसे घेऊन सांगत असतील तर तसं लिहायला लागतं, २०२१ पासून जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲस्कीचे तसे नियमही आहेत, तेव्हा खाली बारीक अक्षरात पार्टनरशिप वगैरे लिहिलंय का बघत जा. लिहिलं असेल तर खोटंच असेल असं नाही, पण ती जाहिरात आहे हे धरून बघ. आणि बाटलीवरचं "नॉन-कॉमेडोजेनिक" (म्हणजे छिद्रं बुजवत नाही), "डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड" हेही डोळे झाकून मानू नकोस, एकेक कंपनी आपल्या पद्धतीने ठरवते. त्यापेक्षा मागे बघ, उत्पादकाचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच, एक्सपायरी, आत घातलेल्या गोष्टींची यादी, बाहेरून आलेलं असेल तर आयात करणाऱ्याचं नाव. हे ज्यावर नाही ते कितीही छान असलं तरी चेहऱ्याला लावायचं नाही, कोणीही देवो.

कपाळावरच्या पुळ्यांबद्दल मला जरा वेगळी शंका आहे. सगळ्या एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या, केसांच्या रेषेजवळ, आणि तू लिहितेस की दर शनिवारी रात्री डोक्याला खोबरेल चोपडून झोपते, कोंडाही आहे. अशा पुळ्या कधीकधी साधे पिंपल्स नसतातच, कातडीवरची यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढून होतात, दमट हवेत आणि तेलाने त्या वाढतात, आणि पिंपल्सच्या औषधाने जात नाहीत, त्यांचं औषध वेगळं असतं. स्टेरॉइडनेही त्या येऊ शकतात. डॉक्टरला मुद्दाम दाखव. तोपर्यंत तेल लावायचंच असेल तर धुवायच्या आधी तासभर लाव, रात्रभर नको, आणि उशीचा अभ्रा बदलत जा.

पाळी वेळेवर येते का हेही बघ. दोन-दोन महिने पुढे जात असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील, जबड्याच्या कडेला दुखरे पिंपल्स येत असतील तर पीसीओएसची, म्हणजे हार्मोनच्या गडबडीची, तपासणी करून घ्यायला हवी, ते क्रीमने सुटणारं नाही. आणि घरात लग्नाचं बघतायत असंही लिहिलंयस म्हणून सांगते, तुला आणि वाचणाऱ्या बाकीच्यांनाही: पिंपल्सवर ॲडापॅलीनसारखी रेटिनॉइडची क्रीम डॉक्टर देतील तर गरोदरपणाचा काही विचार असेल तर आधीच सांगायचं, आणि आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या तर गरोदरपणात अजिबात चालत नाहीत, बाळाला व्यंग येऊ शकतं. कोणाची तरी उरलेली पट्टी घेऊन सुरू करू नका.

वडापाव, भजी बंद कर असं सांगणारेही भेटतील. खाल्लेलं तेल तसंच चेहऱ्यावर येत नाही. साखर, मैदा, गोड कोल्ड्रिंक यांचा पिंपल्सशी थोडा संबंध दिसतो, तेवढं कमी केलंस तर बरंच आहे, पण उपाशी राहून स्किन सुधारत नाही.

डिसेंबरच्या लग्नाचं म्हणशील तर वेळ आहे, पण घाई करायला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदल. नवं फाउंडेशन, नवं सीरम, नवा फेसवॉश सगळं एकाच आठवड्यात सुरू केलंस आणि चेहरा उठला तर कशाने उठला ते कोणालाच सांगता येणार नाही, सुधारला तरी नाही. पिंपल्सच्या औषधाला फरक दाखवायला सहा-आठ आठवडे लागतात, दहाव्या दिवशी "काही होत नाही" म्हणून सोडू नकोस. पहिले काही आठवडे सौम्य फेसवॉश, जेल, सनस्क्रीन आणि डॉक्टरचं औषध, बस. लग्नाच्या आधीच्या पंधरा दिवसांत ब्लीच, फेशियल, नवीन काहीही नाही, पार्लरवाल्या ताईने पॅकेज कितीही स्वस्तात दिलं तरी. लग्नाचा मेकअप दुसरी कोणी करणार असेल तर आधी एकदा ट्रायल घे, पूर्ण दिवस चेहऱ्यावर ठेव आणि फ्लॅश लावून फोटो काढून बघ, काही पावडरी फ्लॅशमध्ये पांढऱ्या फटक दिसतात.

डॉक्टरकडे जाऊन आलीस की मॅनेजरशी बोल. काही आठवडे चेहऱ्यावर फाउंडेशन नको असं डॉक्टरने लिहून दिलं तर चिठ्ठी दाखव, काजळ, लिपस्टिक, टिकली, नीट विंचरलेला अंबाडा आणि नीट चापून नेसलेली साडी एवढ्यातही माणूस टापटीप दिसतंच. दिवाळीच्या गर्दीत हे बोलणं अवघड आहे, म्हणून गर्दी सुरू व्हायच्या आत बोल. बाकीच्याही दोघी-तिघींना चेहऱ्याचा त्रास असेल, विचारून बघ, एकत्र गेलात तर तो लवकर ऐकेल.

एकच फाउंडेशन सांगा म्हणालीस, मी नाव सांगत नाहीये, कारण तुझा चेहरा आत्ता ज्या अवस्थेत आहे त्यावर कुठलंच नाव टिकणार नाही. चेहरा शांत झाला की हलकं, पाण्यासारखं पसरणारं स्किन टिंट किंवा हलक्या कव्हरेजचं मॅट बघ, चारशे-पाचशेतही चांगली मिळतात. आत्ताची नऊशेची बाटली फेकू नकोस. त्यावर उघड्या डबीचं छोटं चित्र आणि १२ एम असं काही असेल, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने, उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहून ठेव आणि बाथरूममध्ये नको, कपाटात ठेव. नंतर त्याच कंपनीची एक-दोन शेड गडद छोटी बाटली मिळाली तर दोन्ही थेंब-थेंब तळहातावर मिसळून जबड्यावर लावून बघ, तुझा रंग बहुतेक त्या दोघींच्या मधेच कुठेतरी आहे.